मोजून प्यायचं पाणी

डायलिसिसवर असलेल्या माणसाला दिवसाला किती पाणी चालतं, हे २०१९ च्या आधी मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. साधारण हिशोब असा असतो: दिवसभरात लघवी जेवढी होते तेवढं, आणि वर अर्धा-पाऊण लिटर. ज्याची लघवी जवळजवळ थांबलीय त्याच्या वाट्याला मग तेवढं अर्धा-पाऊण लिटरच उरतं. त्यात सकाळचा चहा आला, आमटी आली, ताक आलं, गोळ्या गिळायचं पाणीही आलं. आणि हे सगळं नगरच्या एप्रिल-मेमध्ये. हे आधीच सांगून टाकते, कारण देवावरच्या विश्वासाबद्दल बोलायचं म्हटलं की आमच्या ख्रिस्ती समाजात लोक एकदम स्वर्गापासून सुरुवात करतात. आमच्या घरी मात्र तो सगळा प्रश्न ओट्यावरच्या एका स्टीलच्या तांब्याभोवती फिरत होता.

आम्ही नगरचे. सरकारी कागदावर आता अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ मध्ये इथं आले, त्यामुळे या शहरात ख्रिस्ती माणूस म्हणजे काही नवलाई नाही. माझी पणजी १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात आली, तिथंच वाढली, तिथंच अक्षरं गिरवली. “दुष्काळात पोटासाठी बाटले” हे वाक्य आमच्या चार पिढ्यांनी ऐकलंय. आजी त्यावर शांतपणे म्हणायची, “पोट त्यानंच दिलं, मग भाकरी काय शेजाऱ्यानं द्यायची?” लहानपणी मला ते नुसतं हजरजबाबी उत्तर वाटायचं.

२०१९ च्या पावसाळ्यात माझ्या घरधन्यांच्या, म्हणजे यांच्या, पायांवर सूज दिसायला लागली. हे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर, दिवसभर उभं राहायचं काम, म्हणून सुजेचं खापर त्यावर फुटलं. मग अंगाला खाज, तोंडाची चव गेलेली, सकाळी उठल्या उठल्या मळमळ. कुणी पित्त म्हणालं, कुणी कावीळ. एका रविवारी उपासनेत पेटी वाजवता वाजवता यांना दम लागला, गाणं अर्ध्यावर थांबलं आणि मंडळी पेटीशिवायच पुढं गात राहिली. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. क्रिएटिनिन अकराच्या पुढं. निरोगी माणसाचं एकच्या आसपास असतं. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आक्रसलेल्या. रक्तदाबानं आतल्या आत काम केलं होतं, वर्षानुवर्षं, काही न बोलता.

त्याच रात्री मानेत नळी घालून पहिलं डायलिसिस झालं. मी बाहेरच्या बाकावर. पर्समध्ये बायबलचा नवा करार होता, तो काढलासुद्धा नाही. प्रार्थना करायची म्हणून डोळे मिटले तर तोंडातून “प्रभू” एवढंच आलं. पुढं शब्दच नाही. जन्मापासून रोज रात्री गुडघे टेकलेली बाई मी, महिला मंडळात प्रार्थना चालवणारी, आणि ऐन वेळी कोठार रिकामं.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब आणि त्यांच्या पत्नी, पाळकबाई, रात्री अकराला आले. साहेबांनी खांद्यावर हात ठेवून छोटी प्रार्थना केली. पाळकबाईंनी डबा उघडून पुढं ठेवला, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, आणि विचारलं, “रेशनकार्ड केशरी आहे ना? सकाळी नऊला सरकारी योजनेचा आरोग्यमित्र येतो खिडकीवर. त्याला भेटल्याशिवाय बिल भरू नकोस.” त्यांच्या भावाला हाच आजार होता, त्यांना सगळं ठाऊक होतं. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, हे मला त्या बाकावर भाकरी खाता खाता कळलं. बायबलातला संदेष्टा एलीया झुडपाखाली पडून “आता पुरे, माझा प्राण घे” म्हणतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाजलेली भाकरी आणि पाण्याची सुरई उशाशी ठेवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. राजांच्या पहिल्या पुस्तकात एकोणिसाव्या अध्यायात आहे. त्यानंतर पुन्हा झोपू देतो. पुन्हा खायला देतो. रविवारच्या शब्बाथशाळेत ही गोष्ट मी कितीतरी मुलांना शिकवली होती.

मग एक नवं जगणं सुरू झालं. आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास. डायलिसिसच्या सुया टोचायला डाव्या हाताची शीर धमनीला जोडून फिस्टुला केला. तो तयार व्हायला सहा-सात आठवडे लागले, तोवर मानेतली नळी जपायची, तिला पाणी लागू द्यायचं नाही. फिस्टुला तयार झाला की त्यावर बोटं ठेवली तर आत भुंगा अडकल्यासारखी थरथर लागते. ती लागली की ठीक. रात्री झोपण्याआधी मी ती पाहायचे, अजूनही पाहते. त्या हातावर रक्तदाब मोजायचा नाही, डायलिसिसशिवाय दुसरी सुई टोचायची नाही, वजन उचलायचं नाही. हाताला व्यायाम म्हणून सिस्टरनी रबरी चेंडू दाबायला दिला, तेव्हा यांनी विचारलं, “पेटीचा भाता चालेल का?” डॉक्टर हसले, म्हणाले चालेल. पेटीवर उजवा हात सुरांवर आणि डावा भात्यावर. असा तो हात तयार झाला. मंडळीत परत पेटी वाजायला लागली, त्या रविवारी लोकांना वाटलं हे बरे झाले. बरं होणं या आजारात नसतं, हे सांगून सांगून मी थकले.

स्वयंपाकघर तर पार बदललं. बटाटा चिरून, उकडून, पोटॅशियम निघून जावं म्हणून ते पाणी फेकून मग भाजी. टोमॅटो जपून. केळी, शहाळं बंद. मीठ नावापुरतं. प्रभुभोजनाच्या रविवारी तो द्राक्षरसाचा इवलासा प्याला हातात घेऊन हे कानाशी पुटपुटायचे, “हा पण हिशोबात धर.” मला हसू यायचं आणि त्याच क्षणी रडूही.

लोक काय काय बोलले ते लिहिलंच पाहिजे. “देवाची इच्छा” म्हणणारे मला चालले. त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. “देव ज्याच्यावर प्रीती करतो त्यालाच शिक्षा करतो” असं म्हणणाऱ्या एका बाईंना मी चहा दिला नाही. पण सगळ्यात जड गेलं ते “तुमचा विश्वास कुठंतरी कमी पडतोय.” हे लोक प्रेमानं सांगतात, हात हातात घेऊन, त्यामुळे परतवूनही लावता येत नाही.

माझ्या नणंदेच्या आग्रहानं आम्ही एका आरोग्यदान सभेला गेलो. मोठा मांडव, मोठे स्पीकर. प्रचारकानं यांच्या डोक्यावर हात ठेवला, मोठ्यानं प्रार्थना केली आणि माइकवरच जाहीर केलं की या भावाला किडन्या परत मिळाल्या. मग खाली वाकून म्हणाला, आता त्या मशीनवर जायचं नाही, गेलात तर तो अविश्वास ठरेल. लोक टाळ्या वाजवत होते. नणंद रडत होती. हे काहीच बोलले नाहीत. रिक्षात बसल्यावर बराच वेळ गप्प, आणि मग, “उद्याचा नंबर सकाळी सातचा ना? मग डबा साडेपाचलाच कर.”

मला त्या माणसाचा आजही राग येतो आणि तो जावा असंही मला वाटत नाही. आमच्या डायलिसिस युनिटमध्ये एक तरुण मुलगा अशाच कुठल्यातरी सल्ल्यानं लागोपाठ दोन वेळा आला नाही. तो कुठल्या धर्माचा ते इथं महत्त्वाचं नाही, हा सल्ला सगळीकडे मिळतो. तिसऱ्या वेळी त्याला स्ट्रेचरवर आणलं, फुप्फुसात पाणी भरलेलं, बसल्याशिवाय श्वास घेता येत नव्हता. वाचला. पण पोटॅशियम वाढून हृदय थांबलं असतं तर त्या सल्लागारानं कोणता हिशोब दिला असता? याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावून मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी प्रार्थना करावी असं सांगितलंय, ते आम्ही केलं. पाळकसाहेबांनी घरी येऊन यांच्या कपाळाला तेल लावलं, आणि मग स्वतःच्याच गाडीतून डायलिसिसला सोडलं. पौल ज्याला “प्रिय वैद्य” म्हणतो तो लूक शुभवर्तमान लिहितो. आणि आपल्या महाराष्ट्रात तर मिशनच्या मागोमाग दवाखाने आले, मिरजेला मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुग्णालय उभं केलं. मशीनला अविश्वास म्हणायचं असेल तर त्या सगळ्यांनाच अविश्वासी म्हणावं लागेल.

विश्वास कमी पडतो, हे मी एकदा पाळकसाहेबांना विचारलंच. ते म्हणाले, मार्कचा दुसरा अध्याय काढ. चौघं जण पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात, गर्दीतून वाट मिळत नाही म्हणून छप्पर उसकटून त्याला खाली सोडतात. “आता वाच, येशूनं काय पाहिलं?” मी वाचलं: त्यांचा विश्वास पाहून. बाजेवरच्याचा नव्हे किंवा नुसता त्याचाच नव्हे, त्यांचा. “तो माणूस काय विचार करत होता ते शास्त्र सांगत नाही,” साहेब म्हणाले. “कदाचित छप्पर फोडल्याचे पैसे कोण भरणार हा विचार करत असेल.”

तरीही माझी प्रार्थना परत आली नाही. महिने गेले. उपासनेत ओठ हलायचे, घरप्रार्थनेत मी वाचन घ्यायचे म्हणजे प्रार्थना दुसऱ्या कुणाकडे जायची. आजाऱ्याच्या खाटेशी आमच्यात तीनच स्तोत्रं वाचतात: तेविसावं, एक्याण्णवावं आणि एकशे एकविसावं. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही. यांच्या उशाशी बसून येणारा प्रत्येक जण हेच वाचायचा, आणि माझ्या डोक्यात यायचं, उणंच तर पडलंय. पाळकबाईंना मी हे सांगितलं तर त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या, अठ्ठ्याऐंशीवं वाच. मोठ्यानं वाच, घरात कुणी नसताना.

वाचलं. भाजीला फोडणी देऊन, दार लावून. त्या स्तोत्रात शेवटी उजेड नाही. बाकीच्या बहुतेक विलापाच्या स्तोत्रांत कुठंतरी वळण येतं, “तरी मी तुझ्यावर भाव ठेवीन” असं काहीतरी येतं; यात नाही. तू माझे मित्र माझ्यापासून दूर केलेस, आणि अंधार. संपलं. ज्या लोकांनी स्तोत्रसंहिता एकत्र केली त्यांनी हे वगळलं नाही, मंदिरात गायला ठेवलं, याचं मला फार आश्चर्य वाटलं. म्हणजे देवाच्या तोंडावर हे बोलता येतं तर. त्या दिवसापासून मी बोलायला लागले. प्रार्थना म्हणण्यासारखं ते नव्हतं. भांडी घासताना चालायचं. “पेटीच वाजवायला पाहिजे होता ना तुला हा माणूस? मग?” असलं काहीतरी. सासूबाई एकदा मागं येऊन उभ्या राहिल्या, ऐकलं, आणि म्हणाल्या, “जरा हळू. त्याला ऐकू येतं.” त्या रागावल्यात की थट्टा करतायत ते कळलं नाही. नंतर दिसलं की संध्याकाळची प्रार्थना त्या माझ्या वाटचीही करतायत, माझं नाव घेऊन, “हिला आत्ता बोलता येत नाही प्रभू, म्हणून मी बोलते.”

लहानपणी शब्बाथशाळेची सहल दौंडकडच्या केडगावला, पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या मुक्ती मिशनला गेली होती. तेव्हा रमाबाई म्हणजे एक फोटो आणि भरपूर आवार, एवढंच डोक्यात राहिलं. आता त्यांचं आयुष्य वयाच्या हिशोबानं मांडून पाहिलं. आईवडील आणि बहीण उपासमारीच्या दिवसांत गेली. भाऊ १८८० मध्ये गेला. नवरा १८८२ मध्ये, लग्नाला दोन वर्षं झाली नाहीत तोच. राहिली एक मुलगी, मनोरमा, जिच्या हाती सगळं काम द्यायचं होतं. ती १९२१ मध्ये गेली. आणि बाई मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करण्याचं काम रेटतच राहिल्या, एप्रिल १९२२ मध्ये जाईपर्यंत. विश्वास पुरेसा असला की घरात मरण येत नाही म्हणणाऱ्यांनी केडगावला एकदा जाऊन यावं. दौंडमार्गे फार लांब नाही.

मग २०२० चा मार्च आला. पंचवीस तारखेपासून सगळं बंद, पण किडनीला लॉकडाऊन कळत नाही. दवाखान्याचं पत्र प्लॅस्टिकमध्ये घालून स्कूटरच्या पुढं लावलं. चौकाचौकात पोलीस, एकानं पहिल्यांदा काठी उगारली, नंतर तोच लांबूनच हात करून सोडायला लागला. युनिटमध्ये बेडची अंतरं वाढवली, मास्क, ताप मोजणं. आणि चर्चला कुलूप. ईस्टरच्या आधीचा दुःखसहनाचा सप्ताह कुलूपबंद जाईल असं आमच्यातल्या कुणाच्या स्वप्नात नव्हतं.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्याकडे बारा ते तीन उपासना असते, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. त्या वर्षी तो १० एप्रिलला होता. पाळकसाहेबांनी ठरवलं की सात जणांनी घरून फोनवर बोलून पाठवायचं, मंडळीच्या ग्रुपवर ते बाराला सुरू होईल. पाचवा उद्गार यांच्याकडे आला. “मला तहान लागली आहे.” साहेबांनी मुद्दाम दिला की चिठ्ठ्या टाकल्या, मी विचारलं नाही.

यांनी आदल्या दिवशी डायलिसिसवर पडल्या पडल्या मनात जुळवलं आणि रात्री खिडकी लावून फोनवर बोलले. मी दाराशी उभी होते. जेमतेम चार मिनिटं. मला आठवतं ते असं:

“मी शिकलेला धर्मोपदेशक नाही, पण तहानेबद्दल मला थोडं बोलता येतं. खरी तहान लागली की डोक्यात दुसरं काही राहत नाही. गाणं राहत नाही, वचन राहत नाही, बायकोमुलगी राहत नाही. फ्रीजचा आवाज ऐकू येतो, बस. आपण या उद्गाराचे पुष्कळ अर्थ लावतो, आत्म्यांची तहान वगैरे. असतील. पण सकाळपासून रक्त गेलेला माणूस, उन्हात टांगलेला, त्याला पाणी पाहिजे होतं. आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात, बुडवलेला स्पंज मिळाला. माझ्यापुरतं एवढंच आहे की देवालाही एकदा पाणी मागावं लागलं, आणि त्यानं ते मोठ्यानं मागितलं, लाजला नाही. म्हणून मी आता मागतो तेव्हा मला लाज वाटत नाही.”

ग्रुपवर ते वाजलं आणि थोड्याच वेळात मंडळीच्या एका वृद्ध पंचांचा फोन आला. योहानाच्या शुभवर्तमानात स्पष्ट लिहिलंय, ते म्हणाले, शास्त्रलेख पूर्ण व्हावा म्हणून येशू तसं बोलला, तुम्ही तो मुद्दाच सोडला. हे म्हणाले, “हो काका, चुकलं. पण तहान खोटी नव्हती ना?” पलीकडे काका गप्प. मग म्हणाले, “नाही. खोटी कशी असेल.” आणि बराच वेळ स्वतःच्या प्रोस्टेटबद्दल बोलत राहिले.

त्या चार मिनिटांनी माझ्यात काय झालं ते नीट सांगता येत नाही. एवढं खरं की त्या रात्री मी पहिल्यांदा वधस्तंभावरच्या माणसाशी बोलले. तोवर मी आभाळातल्या, सगळं हातात असलेल्या आणि काहीच न करणाऱ्या कुणाशी तरी भांडत होते. हा दुसराच निघाला, आमच्या युनिटमध्ये शोभण्यासारखा.

युनिटबद्दल सांगायलाच हवं, कारण माझी अर्धी मंडळी तिथं भरते. शेजारच्या बेडवर भिंगारचे एक चाचा होते. पाथर्डीकडच्या एक माळकरी मावशी, गळ्यात तुळशीची माळ, पहाटेची एसटी पकडून तारकपूर स्टँडवर उतरायच्या. रमजानमध्ये चाचांना रोजा धरायचा होता. डॉक्टर नाही म्हणाले, त्यांच्या मौलानांनीही आजाऱ्याला माफ आहे म्हणून समजावलं, तरी ते दुःखी. हे त्यांना म्हणाले, “चाचा, आपला तर बारा महिने रोजाच आहे.” चाचा इतके हसले की मशीनचा अलार्म वाजला. चौथ्या तासाला पोटऱ्यांत गोळे येतात, तेव्हा मावशी “पांडुरंगा” म्हणायच्या, चाचा “या अल्लाह”, आमचे हे दात आवळून काहीच नाही. मी तिघांचेही पाय चोळलेत.

एप्रिल २०२१ च्या लाटेत चाचा गेले. ऑक्सिजनचा बेड मिळायला उशीर झाला. त्यांच्यासाठी आम्ही रोज प्रार्थना केली होती, नाव घेऊन, आमच्या घरात, सासूबाईंसकट. हे त्याच आठवड्यात पॉझिटिव्ह आले आणि घरच्या घरी निभावले. त्यानंतर उपकारस्तुतीच्या सभेत मला साक्ष द्यायला सांगितलं. सगळ्यांना अपेक्षित वाक्य मला माहीत होतं: परमेश्वरानं माझ्या घरधन्याला राखलं. ते खरं आहे, मी रोज त्याबद्दल उपकार मानते. पण माइकवर उभं राहून ते म्हणायला गेले की चाचांच्या बायकोचा, भाभींचा चेहरा समोर यायचा. त्यानं आम्हाला राखलं तर त्यांना का नाही राखलं? चाचांचा देवावरचा भरवसा माझ्यापेक्षा कितीतरी घट्ट होता. मी उभी राहिले आणि एवढंच म्हणाले की या वर्षात ज्यांनी ज्यांनी आमच्या घरी डबा पाठवला, त्यांच्या हातांबद्दल मी देवाचे आभार मानते, आणि आमचे एक शेजारी गेले त्यांच्यासाठी मंडळीनं मिनिटभर उभं राहावं. काही जण कुरकुरले. बहुतेक उभे राहिले. चाचांचं का झालं, हे मी देवाला अजून विचारते. उत्तर आलेलं नाही, आणि आलं असं दाखवणंही मला जमत नाही. शुभवर्तमानात एका मुलाचा बाप येशूला म्हणतो, “माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.” दोन्ही एका दमात. मला त्या बापाच्या रांगेत उभं राहायला बरं वाटतं.

किडनी बदलण्याचं म्हणाल तर मला मधुमेह, म्हणून मी देणारी म्हणून बाद. सासूबाईंचं वय झालेलं. दिराचा रक्तदाब. त्यामुळे पुण्याच्या एका रुग्णालयामार्फत विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत यांचं नाव लागलं. मेंदूमृत दात्याची किडनी मिळेल तेव्हा मिळेल. दर थोड्या महिन्यांनी तपासण्या, हृदयाची, दातांची, रक्ताची, म्हणजे नाव चालू राहतं. फोन बंद ठेवायचा नाही, चार्जर नेहमी पिशवीत.

एकदा फोन आला. रात्री साडेदहा. तासाभरात निघा, काही खाऊ नका. मंडळीतल्या एका मुलानं गाडी काढली. नगर ते पुणे एकशेवीस किलोमीटर, सुप्याच्या पुढं जाईपर्यंत कुणी बोललं नाही. मग सासूबाईंचा फोन, त्यांनी स्पीकरवर प्रार्थना केली: ज्या घरातलं माणूस गेलंय त्या घराला आधी सांत्वन दे, मग आमचं बघ. मला ते सुचलं नव्हतं. तिथं पोचल्यावर कळलं की एका किडनीसाठी दोघा-तिघांना बोलावतात, दात्याशी रक्त जुळतं का ते पाहून, म्हणजे क्रॉसमॅच करून, ठरतं. पहाटे चारला समन्वयक बाई आल्या. आमचा नंबर दुसरा होता, पहिल्याचं जुळलं. तो बारामतीकडचा एक तरुण, बायको कडेवर लहान पोर घेऊन उभी. हे उठून त्याच्याकडे गेले आणि त्याचा हात हातात घेऊन म्हणाले, “जा बाबा, भरपूर पाणी पी.” मला तेव्हा यांचा अभिमान वाटला नाही, संताप आला. परतीच्या वाटेवर मी खिडकीकडे तोंड करून बसले. शिरूरला चहाला थांबलो. यांनी अर्धा कप घेतला, उरलेला माझ्याकडे सरकवला, आणि म्हणाले, “शद्रख, मेशख, अबेद्नगो राजाला काय म्हणाले होते?” आमचा देव आम्हाला भट्टीतून सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं तरी. मी म्हटलं, मला आत्ता शब्बाथशाळा नको. ते गप्प बसले. ड्रायव्हर मुलानं पेढे घेतले होते, आनंदाची बातमी येईल म्हणून. ते नगरला उतरताना त्यानं लाजत आमच्या हातात ठेवले.

सोमवारी परत सातचा नंबर. आणि सोमवारी संध्याकाळी, कुणी न सांगता, माझ्या तोंडून घरच्या प्रार्थनेत त्या बारामतीच्या मुलासाठी दोन वाक्यं आली. फार नाही, दोनच. सासूबाई “आमेन” इतक्या जोरात म्हणाल्या की लेक दचकली.

या लेकीचाच आता नवा प्रश्न आहे. ती नर्सिंग शिकते, अठराची झाली त्या दिवसापासून तिचं एकच चाललंय, माझी किडनी घ्या. कायद्यानं मुलं देऊ शकतात. रक्तगट जुळतो, ते तिनं स्वतःच कधीचं पाहून ठेवलंय. हे ऐकून घ्यायला तयार नव्हते. मुलीच्या अंगावर वण देऊन मला पाणी प्यायचं नाही, एवढं बोलून पेटीपाशी जाऊन बसायचे. ती म्हणते, “बाबा, दुसऱ्याचं घेताना तुम्ही देवाचे आभार मानणार होता, मग माझं का नको?” दोघंही देवाचं नाव घेऊन भांडतात आणि मला मध्यस्थ करतात. काय मागावं ते मला खरंच कळत नाही. ती धडधाकट राहो हे मागते, हेही सुटोत हे मागते, आणि दोन्ही एकाच वेळी मागताना लाजत नाही.

पुढच्या महिन्यात तिघं पुण्याला जातोय, डॉक्टरांना भेटायला. यांनी फक्त ऐकून घ्यायचं कबूल केलंय, हो म्हणायचं नाही. पाळकबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, निघायच्या आदल्या रात्री डबा मी करते, आणि त्या समन्वयक बाईंना मुलीशी एकटीशी बोलू दे, आईबापांनी बाहेर बसायचं.